पेपर संपले, पण फाईल राहिली



एप्रिल महिन्यात आपल्याकडे एक वाक्य घरोघरी ऐकू येतं. "झाले ना पेपर? मग आता मोकळीच आहेस की!" मुलगी शेवटचा पेपर देऊन येते, दप्तर खुंटीला अडकवते आणि त्याच संध्याकाळपासून तिच्या नावावर कामं लागतात. कुणाकडे कांद्याची काढणी चालू असते, कुणाकडे कुरडयांचा गहू भिजत घातलेला असतो, कुणाकडे मावशीच्या लेकीचं लग्न असतं. धाकटं भावंडही तिच्याच कडेवर येतं.

पण नववीतल्या मुलीला जवळ बसवून विचारा, ती मोकळी नसते. विज्ञानाची प्रात्यक्षिक वही अर्धी राहिलेली असते. भूगोलाचे नकाशे भरायचे असतात. गणिताच्या गृहपाठाच्या वहीवर सही घ्यायची असते. जलसुरक्षेचा उपक्रम तर सुरूही झालेला नसतो. बाईंनी सांगितलेलं असतं, "गुणपत्रक भरायच्या आत फाईल द्या." म्हणजे हातात उरतात जेमतेम आठ-दहा दिवस.

खरं तर हे काम वर्षभर थोडं थोडं व्हायला हवं. पण दिवाळीनंतर सराव चाचण्या, मग स्नेहसंमेलन, मग लेखी परीक्षेची तयारी, असं करत ते मागे पडतं. पुष्कळ शाळा समजून घेतात आणि पेपर झाल्यावर थोडी मुदत देतात. ती मुदत कशी वापरायची, घरातल्या वस्तूंतून चांगला प्रकल्प कसा होतो आणि आपण आयांनी त्यात काय करायचं, हे आजच्या भागात बोलूया.

वीस गुण म्हणजे किती?

नववी-दहावीला साधारणपणे एका विषयाचे 100 गुण असतात. त्यातले 80 लेखी आणि 20 अंतर्गत, म्हणजे तोंडी, प्रात्यक्षिक, गृहपाठ, उपक्रम यांचे. दहावीला सहा विषयांपैकी जास्त गुणांचे पाच धरून 500 पैकी टक्केवारी निघते. आता आपला नेहमीचा हिशोब करू. वही अपुरी राहिली म्हणून प्रत्येक विषयात आठ गुण गेले, तर पाच विषयांत 40 गुण गेले. 500 पैकी 40 म्हणजे आठ टक्के. आयटीआय असो की पॉलिटेक्निक, प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, आणि तिथे एकेका टक्क्याला मागेपुढे रांग असते. मग आठ टक्के किती झाले ते तुम्हीच बघा.

या गुणांचं वजन आपल्या राज्याने पाहिलेलं आहे. 2018 मध्ये दहावीचा निकाल 89.41 टक्के होता, 2019 मध्ये तो 77.10 टक्क्यांवर आला. त्या वर्षी अभ्यासक्रम नवा होताच, शिवाय भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले होते. पुढच्या वर्षापासून ते परत दिले गेले.

दुसरी आठवण कोरोनाची. 2021 मध्ये दहावीची लेखी परीक्षाच झाली नाही. मग निकाल लावला कशावर? 50 टक्के वजन नववीच्या निकालाला, 30 टक्के दहावीच्या वर्षभरातल्या मूल्यमापनाला आणि 20 टक्के तोंडी, प्रात्यक्षिक व अंतर्गत गुणांना. "नववीचे गुण कोण विचारतंय," असं म्हणणाऱ्या सगळ्या घरांत त्या वर्षी नववीची गुणपत्रिका शोधली गेली.

आणखी एक गोष्ट. नववीला पेपरनंतर मुदत मिळते, दहावीला ती धरून चालू नका. बोर्डाच्या तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा लेखीच्या आधीच होतात. म्हणून अनेक कामं एकाच वेळी कशी ओढायची, हे शिकायची जागा नववीच आहे.

आधी यादी, मग कामाच्या तीन वाट्या

पाच वह्या समोर पडल्या की मुलं सगळ्यात सोपं काम आधी उचलतात. रंगीत पेनाने मुखपृष्ठ सजवतात, शीर्षकाला वेलबुट्टी काढतात, आणि त्यात दोन दिवस जातात. मग सातव्या दिवशी कळतं, की मटकीला मोड यायला दोन दिवस लागतात आणि ग्रामपंचायतीत आज कुणीच नाही.

यावर उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहे. उसळ करायची असेल तर आपण मटकी आधी भिजत घालतो. सकाळी डाळ शिजायला ठेवतो आणि ती शिजेपर्यंत कणीक मळतो, भाजी चिरतो. चुलीसमोर नुसत्या उभ्या राहत नाही. प्रकल्पांचंही तसंच करायचं.

पहिल्या दिवशी मुलीला एक कोरा कागद घ्यायला सांगा. त्यावर पाच रकाने आखायचे : विषय, नेमकं काय राहिलंय, कधी द्यायचंय, सामान काय लागेल आणि सही कुणाची. जे माहीत नाही ते त्याच दिवशी शाळेत जाऊन किंवा बाईंना फोन करून विचारायचं. किती प्रयोग लिहायचे, किती पानं, हस्ताक्षरात की कसं, हे विचारायला लाजायचं नाही. दहा प्रयोग मागितले असताना मुलगी सोळा लिहीत बसली, तर ती रात्र फुकट गेली.

यादी झाली की कामं तीन वाट्यांत टाकायची.

पहिल्या वाटीत वेळ खाणारी कामं. बियाण्याची उगवण, पाण्याचं बाष्पीभवन, सात दिवसांच्या तापमानाची नोंद. ही कामं मनुष्यबळ मागत नाहीत, दिवस मागतात. म्हणून ती पहिल्याच संध्याकाळी मांडून ठेवायची. रोज पाच मिनिटांची नोंद केली की झालं.

दुसऱ्या वाटीत माणसांवर अवलंबून असलेली कामं. पंधरा घरांचं सर्वेक्षण, आजोबांची मुलाखत, ग्रामपंचायतीतून माहिती, बाईंची सही. माणसं आपल्या सोयीने भेटत नाहीत, एकदा भेटली नाहीत तर पुन्हा जावं लागतं. ही कामं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धरायची, म्हणजे खेप वाया गेली तरी हातात दिवस राहतात.

तिसऱ्या वाटीत बसून करायची कामं. प्रयोग उतरवणं, आकृत्या, नकाशे, निबंध. ही कामं कष्टाची असली तरी आपल्या हातातली असतात. पहिल्या दोन वाट्यांतली कामं चालू असताना मधल्या वेळात ती भरत जायची. एका बैठकीला एकच विषय घ्यायचा. तासभर विज्ञान, मग थोडं फिरून येऊन तासभर भूगोल. दहा-दहा मिनिटांनी वही बदलली तर एकही पुरी होत नाही.

आठ दिवस असतील तर पहिले सहा कामाचे. सातवा दिवस पानं लावणं, अनुक्रमणिका, मुखपृष्ठ आणि शिवण यांसाठी. आठवा मोकळा ठेवायचा. त्या दिवशी वीज जाईल, कुणी आजारी पडेल किंवा एस.टी. चुकेल, त्यासाठी तो हवा.

प्रकल्प घरातच असतो

"प्रकल्प म्हणजे खर्च," असं आपल्याला वाटतं. थर्माकोल, रंगीत प्रिंट, चकचकीत फाईल. पण नववीच्या पुस्तकातले कितीतरी धडे आपल्या घरात रोज घडत असतात. तीन उदाहरणं देते.

पहिलं पाण्याचं. जलसुरक्षा हा नववी-दहावीला श्रेणीचा विषय आहे. त्यासाठी आपल्या घराचा पाण्याचा ताळेबंद मांडता येतो. एक लिटरच्या बाटलीने हंडा मोजायचा, समजा तो 15 लिटरचा निघाला. मग दिवसभरात प्यायला, स्वयंपाकाला, अंघोळीला, भांड्यांना, कपड्यांना, जनावरांना किती हंडे गेले ते सात दिवस लिहायचं. जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर पाणी धरलेलं आहे. पाच माणसांच्या घराला 275 लिटर, म्हणजे अठरा हंड्यांच्या थोडं वर. आपल्या घरात माणसांसाठी प्रत्यक्षात किती येतात आणि ते कोण भरतं, हे शेजारी लिहिलं की मुलीला जे दिसेल ते कुठल्याही पुस्तकात नसेल.

त्याला छपराचं गणित जोडता येतं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. पाच मीटर लांब आणि चार मीटर रुंद पत्रा म्हणजे 20 चौरस मीटर. वर्षाला 400 मिलिमीटर पाऊस धरला तरी त्या पत्र्यावर 8,000 लिटर पाणी पडतं. थोडं वाया जाईल, पण पिण्या-स्वयंपाकाला घरात रोज 25 लिटर लागत असेल, तर 8,000 लिटर 320 दिवसांचं पाणी झालं. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार गाव दरवर्षी असाच पाण्याचा हिशोब मांडतं आणि कोणतं पीक घ्यायचं ते त्यावरून ठरवतं. तेच गणित आपली लेक एका घरासाठी करते आहे.

दुसरं हळदीचं. हळद लागलेल्या पदराला साबण लावला की डाग लाल होतो, हे आपण कितीदा पाहिलंय. विज्ञानात आम्ल आणि आम्लारीचा धडा आहे, तो हाच. पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवायच्या. मग एकेका पट्टीवर साबणाचं पाणी, खायचा सोडा, चुन्याची निवळी, लिंबाचा रस, चिंचेचा कोळ यांचा एकेक थेंब टाकायचा. साबण, सोडा आणि चुना यांनी पट्टी लालसर होते, कारण ते आम्लारी गुणाचे आहेत. लिंबू-चिंचेने ती पिवळीच राहते. लाल झालेल्या जागी लिंबू पिळला तर पुन्हा पिवळी होते. हळद आणि चुना यांपासून पारंपरिक कुंकू करतात ते याच गुणामुळे. सगळ्या पट्ट्या कागदावर चिकटवून खाली नावं लिहिली की तक्ता तयार. चुन्याला हात लावताना मात्र जपायचं, डोळ्याला हात जाऊ द्यायचा नाही.

तिसरं आपल्या बचत गटाचं. नववीच्या गणितात अर्थनियोजन आहे, सांख्यिकी आहे. दहा जणींनी महिन्याला 100 रुपये टाकले तर वर्षाची बचत 12,000. त्यातून एकीने 5,000 रुपये कर्ज घेतलं, व्याज महिना दोन टक्के, परतफेड महिन्याला 500 मुद्दल. शिल्लक राहिलेल्या रकमेवर व्याज धरलं तर पहिल्या महिन्याला 100, दुसऱ्याला 90, तिसऱ्याला 80, असं करत दहाव्या महिन्याला 10. बेरीज 550 रुपये. पण दर महिन्याला पूर्ण 5,000 वरच व्याज लावलं तर दहा महिन्यांचे 1,000 होतात. दर दोन्हीकडे तोच, फरक 450 रुपयांचा. हा तक्ता मुलीने मांडला, की तिचं गणितही होतं आणि कर्ज घेताना काय विचारायचं ते आपल्यालाही कळतं. एवढी काळजी घ्यायची, की गटाची परवानगी घ्यावी आणि कुणाही सभासदाचं नाव फाईलमध्ये लिहू नये.

वाळवणाचाही प्रकल्प होतो. एक किलो बटाट्याच्या चकत्या उन्हात घालायच्या आणि रोज संध्याकाळी वजन करून लिहायचं. किती पाणी उडालं ते आकड्यांत दिसतं, आणि घरचं कामही थांबत नाही.

लिहायची रीत सगळ्यांना एकच : शीर्षक, उद्देश, साहित्य, पद्धत, निरीक्षण, निष्कर्ष. यात निरीक्षण सगळ्यात मोलाचं. जे दिसलं तेच लिहायचं. दहा बियांपैकी सहाच उगवल्या तर सहाच लिहायच्या. चार का उगवल्या नसतील याचा अंदाज केला, तर तो निष्कर्ष झाला. पुस्तकात वेगळं आहे म्हणून आकडा बदलायचा नाही.

विकतचा प्रकल्प

तालुक्याच्या ठिकाणी तयार प्रकल्प मिळतात. मोबाईलवरून उतरवून छापूनही देतात. थकून गेलेल्या घराला ते सोपं वाटतं, ते मी समजू शकते. पण बाईंनी दोनच प्रश्न विचारले, "हे तू कुठं मोजलंस? हा आकडा कसा आला?", की मुलगी गप्प होते. शिवाय तीच छापील पानं वर्गातल्या आणखी चौघींच्या फाईलमध्ये असतात. साध्या फुलस्केप कागदावर, स्वतःच्या अक्षरात लिहिलेली आणि सुईदोऱ्याने शिवलेली फाईल याहून चांगली, कारण तिच्याबद्दल मुलगी बोलू शकते. तोंडी परीक्षेला हे बोलणंच कामी येतं.

मोबाईल वापरू नका, असं मी म्हणत नाही. एखादा शब्द अडला, नकाशा बघायचा असला तर जरूर बघावं. बघून वही मिटायची आणि मग आपल्या शब्दांत लिहायचं.

आपण काय करायचं?

बऱ्याच जणी म्हणतात, "ताई, आम्ही कुठं शिकलोय? आम्ही काय मदत करणार?" मैत्रिणींनो, फाईल तुम्ही लिहायची नाहीच आहे. दादाने आकृत्या काढून द्यायच्या, असंही नको. तुम्ही द्यायच्या आहेत चार गोष्टी.

एक, वेळ. आठ दिवस रोज दोन तास तिला कुणी हाक मारायची नाही. पहाटेचे असोत की संध्याकाळचे, ते घरात आधी ठरवायचे. त्या वेळातलं पाणी भरणं, धाकट्याला सांभाळणं भावाने किंवा वडिलांनी करावं. मुलाची फाईल राहिली की "त्याला अभ्यास आहे" म्हणतो आणि मुलीची राहिली की "भांडी घासून मग बस" म्हणतो. हे बदलायला पैसे लागत नाहीत.

दोन, उत्तरं. पाणी पूर्वी कुठून आणायचा, कोणतं बियाणं घरी ठेवायचा, दुष्काळात काय खाल्लं, हे तिने विचारलं तर हातातलं काम ठेवून सांगा. तिच्या प्रकल्पाची माहिती तुमच्याजवळ आहे.

तीन, जागा. वह्या ठेवायला एक पत्र्याची पेटी किंवा जाड पिशवी द्या, म्हणजे तेलाचा हात आणि धाकट्याचं पेन तिथवर पोहोचणार नाही.

चार, शाळेत एक खेप. काम खरंच पुरं होत नसेल तर लपवू नका. मुलीबरोबर जा आणि सांगा, "बाई, एवढं झालंय, एवढं राहिलंय, सोमवारपर्यंत देते." झालेलं काम हातात घेऊन गेलं की बोलणं सोपं जातं.

हे मी का सांगते, तेही ऐका. फाईल राहिली म्हणून मुलगी बाईंसमोर जायला घाबरते. निकाल आणायलाही जात नाही. दहावीच्या जादा तासांना जात नाही. घरात आधीच कुणी "आता कशाला पुढं शिकवायचं" म्हणत असेल, तर त्यांना एवढं निमित्त पुरतं. आणि हे दिवस लग्नसराईचे असतात. अठरा वर्षांच्या आत मुलीचं लग्न करणं हा कायद्याने गुन्हा आहे, आणि असं कुठं ठरत असेल तर 1098 या क्रमांकावर फोन करून सांगता येतं. पण त्याही आधी एक साधं काम आपल्या हातात आहे. नववीतून दहावीत जाताना मुलीचा शाळेशी असलेला धागा तुटू द्यायचा नाही. वेळेवर दिलेली फाईल हा त्यातला एक टाका आहे.

तेव्हा या महिन्याच्या गटाच्या बैठकीत बचत गोळा झाली, की पंधरा मिनिटं या विषयाला द्या. कुणाच्या घरी नववीची मुलं आहेत ते विचारा. जमलं तर त्या सगळ्या मुलींना दोन दिवस समाजमंदिरात किंवा कुणाच्या ओसरीवर एकत्र बसवा. एकीकडे कंपास असेल, एकीकडे रंग, एकीकडे नकाशाची वही. पाचजणी मिळून पंधरा घरांचं सर्वेक्षण एका सकाळी करतील, मात्र प्रत्येकीने निष्कर्ष आपला आपण लिहायचा.

आणि आज घरी गेल्यावर "पेपर झाले ना?" एवढंच विचारून थांबू नका. "फाईल कुठवर आली?" असंही विचारा, आणि ती दाखवेल तेव्हा दोन मिनिटं थांबून बघा.